कुत्र्याचं स्किन ग्राफ्ट आणि पीआरपी: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या पालकांना आणि फीडर लोकांना पायरी पायरीने

ठाणे-बेलापूर रोड घ्या, घोडबंदर घ्या नाहीतर सायन-पनवेल हायवे, टेम्पो-डंपरच्या चाकाखाली पाय फरफटून चामडी सोलली गेलेली कुत्री आपल्या भागात वर्षभर मिळतात, आणि त्यातल्या काहींच्या बाबतीत डॉक्टर सांगतात की हे नुसत्या ड्रेसिंगने भरणार नाही, स्किन ग्राफ्ट करू, म्हणजे अंगावरच्या दुसऱ्या जागेची कातडी काढून जखमेवर बसवू, आणि सोबत पीआरपी वापरू. पहिल्यांदाच रेस्क्यू केलेला माणूस इथे गडबडून जातो, कारण पीआरपी म्हटलं की आपल्याला आठवतं ते केस गळतीवालं, स्किन क्लिनिकच्या बोर्डवरचं. मी गेली बरीच वर्षं घणसोली-ऐरोली पट्ट्यातल्या कुत्र्यांचं बघते, ऑपरेशन झालेली कुत्री घरी ठेवते, ड्रेसिंगला डॉक्टरांच्या हाताखाली उभी राहते, त्यातून जे कळलंय ते क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही त्यामुळे औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आधी थोडक्यात पीआरपी म्हणजे काय ते. प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. कुत्र्याचंच रक्त काढायचं, सेंट्रीफ्यूज मशीनमध्ये फिरवायचं, लाल पेशी वेगळ्या करायच्या आणि उरलेल्या पिवळ्या प्लाझ्मातला प्लेटलेट्सचा दाट भाग घ्यायचा. प्लेटलेट्सच्या आत बारीक कण असतात, त्यात ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं साठवलेली असतात, प्लेटलेट जागी झाली म्हणजे गोठायला लागली की ती बाहेर पडतात, त्यातली बहुतेक पहिल्या तासाभरातच. नव्या रक्तवाहिन्या फुटणं, पेशी वाढणं, जखम भरणं या सगळ्याला त्यांचा हातभार लागतो. ग्राफ्टला याचा उपयोग का, तर दुसरीकडून कापून आणलेल्या कातडीला पहिले दोन दिवस स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो, ती खालच्या जखमेतून पाझरणारं पाणी शोषून जगते, मग हळूहळू खालच्या रक्तवाहिन्या वरच्या कातडीतल्या वाहिन्यांना जुळतात आणि पाच-सहा दिवसांत रक्त खेळायला लागतं. हा जो मधला नाजूक काळ आहे तिथे पीआरपी मदत करेल अशी अपेक्षा असते. शिवाय ते गोठलं की जेल होतं, आणि ते जेल कातडीला खाली चिकटवून धरतं, हा फायदा मला स्वतःला जास्त पटतो.

पण खरं सांगायचं तर कुत्र्यांवरचे अभ्यास अजून छोटे आहेत, प्रत्येकाची बनवायची पद्धत वेगळी, काहींत जखम लवकर भरलेली दिसते तर काहींत फारसा फरक दिसत नाही. त्यामुळे पीआरपी शक्य नसेल तर आपण कुत्र्यावर अन्याय करतोय असं अजिबात मनात आणू नका. ग्राफ्ट जगायला तीन गोष्टी लागतात, खाली स्वच्छ लाल मांस, वर न हलणारी कातडी आणि कोरडं बँडेज. या तीन असतील तर पीआरपीचं सोनं होतं आणि नसतील तर ते पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

पायरी 1: ग्राफ्ट खरंच लागणार आहे का

कुत्र्याच्या पाठीवर, पोटावर, कुशीत कातडी सैल असते, तिथली मोठी जखमसुद्धा कडेने आकसत आकसत स्वतःच बंद होते किंवा बाजूची कातडी ओढून टाके घालता येतात. त्याला ग्राफ्ट लागत नाही. प्रश्न येतो तो पायांना, कोपराच्या खाली आणि मागच्या पायाच्या टाचेच्या खाली, तिथे ओढायला जास्तीची कातडीच नसते. जखम पायाला गोल वेढून असेल किंवा सांध्यावर असेल तर आपोआप भरू दिली की ती आकसताना सांधा आखडतो आणि कुत्रा कायमचा लंगडतो. अशा जागी ग्राफ्टचा विचार होतो.

कधी डॉक्टर फ्लॅप म्हणतात, त्यात कातडीचा तुकडा स्वतःच्या रक्तवाहिनीसकट फिरवून जखमेवर आणतात, तो पूर्ण सुटा नसतो. ग्राफ्टचा तुकडा पूर्ण सुटा असतो. हा फरक विचारून घ्या कारण दोन्हीची नंतरची काळजी वेगळी आहे.

पायरी 2: जखम तयार करणं, इथे घाई नको

अपघाताच्या दिवशी ग्राफ्ट होत नाही. आधी माती, डांबर, खडी, मेलेलं मांस काढायचं, हाड मोडलं असेल तर त्याचं बघायचं, मग रोज किंवा दिवसाआड ड्रेसिंग. तीन ते पाच दिवसांत जखमेच्या तळाशी लाल दाणेदार मांस यायला लागतं, याला ग्रॅन्युलेशन म्हणतात, आणि पूर्ण जखमेत ते सपाट भरून यायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. हाच ग्राफ्टचा बेड.

चांगला बेड कसा ओळखायचा ते शिकून घ्या, खूप कामाला येतं. गडद लाल किंवा गुलाबी, ओलसर पण पाणी न सुटणारा, गॉज लावला की बारीक रक्त येणारा, वास नसलेला. त्या लाल मांसात नसा नसतात त्यामुळे तिथे हात लागला तर कुत्रा फारसा ओरडत नाही, ओरडतो तो कडेच्या कातडीला. बेड फिकट, पिवळट, चिकट थर असलेला किंवा हिरवट पाणी येणारा असेल तर तो तयार नाही. पूचा संशय असेल तर डॉक्टर जखमेवर कापसाची काडी फिरवून नमुना (स्वॅब) घेतात आणि कोणता जंतू वाढतो ते बघायला लॅबला (कल्चर) पाठवतात, त्या रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तेवढं थांबा. स्युडोमोनास किंवा स्ट्रेप्टोकोकस सारखा जंतू बेडवर असताना वर ग्राफ्ट घातलं की ते खालून सुटतं, मग वर कितीही पीआरपी ओता.

धुवायला सलाईन. बीटाडिन वापरायचं तर पातळ करून, फिक्या चहाच्या रंगाचं, बाटलीतलं सरळ ओतायचं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, हळद-तेल, फिनाईल, टर्पेंटाईन हे काहीही या लाल मांसावर नको, नवीन पेशी जळतात. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडणं आपल्याकडे नेहमीचं आहे आणि तेव्हा लोक पावडरी, स्प्रे भरभरून मारतात, पहिल्या टप्प्यात डॉक्टर स्वतःही वापरतात, पण अळ्या संपून लाल मांस यायला लागलं की ते सगळं बंद. सोसायटीतल्या काकांनी प्रेमाने आणलेली पावडर असेल तरी नको म्हणा.

अजून एक, जखमी कुत्रा ओळखीचा असला तरी चावतो. मझल किंवा गॉजची पट्टी तोंडाला बांधूनच ड्रेसिंग. रेबीजची आगाऊ लस स्वतः घेऊन ठेवा, आणि चावलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या भेटीतच सांगते.

पायरी 3: रक्ताची तपासणी, पीआरपीचा सगळा खेळ इथे आहे

पीआरपी बनतं प्लेटलेट्सपासून. रक्तातच प्लेटलेट्स नसतील तर मशीन काय करणार. कुत्र्यात प्लेटलेट्स साधारण 2 ते 5 लाख प्रति मायक्रोलिटर असतात. आणि आपल्या ठाण्या-मुंबईतल्या कुत्र्यांना गोचीड किती असतात ते तुम्ही बघताच, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली. या गोचिडांमधून एर्लिकिया नावाचा जंतू जातो, आपण ज्याला सरसकट टिक फीव्हर म्हणतो तो, आणि त्यात सगळ्यात आधी काय पडतं तर प्लेटलेट्स. बेबेसिया असेल तर लाल पेशी फुटून कुत्रा पांढरा पडतो आणि प्लेटलेट्सही उतरतात. बाहेरून कुत्रा शेपूट हलवतोय, खातोय, आणि रिपोर्टमध्ये काउंट 40 हजार, असं होतं. अशा कुत्र्याचं ऑपरेशन म्हणजे रक्तस्रावाचा धोका आणि त्याचं पीआरपी म्हणजे नुसतं पिवळं पाणी.

म्हणून सीबीसी (रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी) करा, लिव्हर-किडनी करा कारण भूल द्यायचीय, आणि टिक फीव्हरची टेस्ट करा, दवाखान्यातलं किट असो किंवा लॅबची पीसीआर. यात एक बारकावा आहे. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट्सचे गठ्ठे पटकन होतात, मशीन तो गठ्ठा मोजत नाही आणि काउंट खोटा कमी दाखवतं, त्यामुळे काउंट कमी आला तर लगेच घाबरू नका, डॉक्टरांना विचारा की स्लाईड मायक्रोस्कोपखाली बघितली का. गठ्ठे दिसले तर परत रक्त घेऊन मोजतात. खरोखर कमी असेल आणि एर्लिकिया निघाला तर डॉक्सीसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो, काउंट बऱ्याचदा त्याआधीच वर यायला लागतो, तेवढे दिवस ड्रेसिंग चालू ठेवायचं आणि ऑपरेशन पुढे ढकलायचं. बेड तेवढ्यात खराब होत नाही, जुना आणि फिकट झालाच तर सर्जन ऑपरेशनच्या आधी वरचा थर खरवडून ताजा करतात.

गोचिडांचं औषध याच वेळी सुरू करा, गोळी असो किंवा मानेवर लावायचं, डॉक्टर सांगतील ते.

आणि घरातली औषधं. कुणीतरी दुखतंय म्हणून कुत्र्याला माणसाची गोळी देतं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्यांना विषारी ठरू शकतात, आणि ॲस्पिरिन तर थेट प्लेटलेट्सनाच निकामी करतं, ती प्लेटलेट मरेपर्यंत परत कामाची होत नाही. कुत्रा आधी कुणाकडे होता, त्याला काय काय दिलंय, स्टिरॉइड दिलंय का (त्याने जखम भरणं मंदावतं), हे सगळं डॉक्टरांना न लपवता सांगा, कुणी रागावलं तर रागवू दे.

पायरी 4: कुठे करायचं आणि काय विचारायचं

ग्राफ्ट हे नेहमीच्या लसीकरणाच्या दवाखान्यात होणारं काम नाही, सर्जरीचा अनुभव असलेला डॉक्टर लागतो. ठाणे आणि नवी मुंबईत आता बऱ्याच खाजगी ठिकाणी सर्जन येतात. त्याशिवाय परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 पासूनचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, आपली माणसं ज्याला बैलघोडा म्हणतात ते. गुंतागुंतीच्या केसला तिथल्या सल्ल्याचा विचार जरूर करा.

पण माझं मत विचाराल तर ऑपरेशन कुठेही करा, ड्रेसिंगला जवळचा दवाखाना ठेवा. ग्राफ्टनंतर दर दोन-तीन दिवसांनी बँडेज उघडावं लागतं, आणि कासारवडवलीहून परळ किंवा खारघरहून ठाणे असं ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास रिक्षात उभा राहून हिंदकळणारा कुत्रा म्हणजे ग्राफ्ट हलणार हे नक्की. सर्जनकडून ड्रेसिंगच्या सूचना लेखी घ्या, जवळच्या डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या, फोटो पाठवत राहा.

विचारायचे प्रश्न. पीआरपी इथेच बनवता का बाहेरून आणता? बनवल्यावर त्यातल्या प्लेटलेट्स मोजता का? हा प्रश्न जरूर विचारा, कारण मोजल्याशिवाय ते पीआरपी आहे का साधा प्लाझ्मा हे डोळ्यांनी कळत नाही, साधारण मूळ रक्ताच्या तीन ते पाचपट प्लेटलेट्स असाव्यात असं धरतात. माणसांच्या पीआरपीचं किट वापरणार असतील तर कुत्र्याच्या रक्तावर ते चालतं का हे तपासलंय का, कारण कुत्र्याच्या रक्तावर त्याच किटमधून वेगळा निकाल येऊ शकतो. आणि खर्च विचारताना फक्त ऑपरेशनचा विचारू नका, सगळ्या ड्रेसिंगसकट, त्यात लागणाऱ्या झोपेच्या इंजेक्शनसकट पूर्ण आकडा विचारा, लेखी घ्या. फंड गोळा करताना लोक ऑपरेशनपुरते पैसे जमवतात आणि नंतरच्या तीन आठवड्यांच्या ड्रेसिंगला खिसा रिकामा असतो, मग ड्रेसिंग लांबतं आणि तिथेच केस बिघडते.

पायरी 5: पीआरपी कसं बनतं

हे घरी करायचं नाहीये, पण माहीत असलं की दवाखान्यात काय चाललंय ते कळतं.

रक्त बहुतेकदा मानेच्या मोठ्या शिरेतून घेतात, जाड सुईने, सावकाश, कारण जोरात खेचलं की प्लेटलेट्स सिरिंजमध्येच जाग्या होतात. कुत्र्याच्या अंगात किलोमागे 80 ते 90 मिली रक्त असतं, म्हणजे आपल्या 15 किलोच्या रस्त्यावरच्या कुत्र्यात 1200 मिलीच्या वर, त्यातलं 20-40 मिली घेतलं तर तब्येत ठीक असलेल्या कुत्र्याला काही होत नाही. ॲनिमिया असेल तर मात्र डॉक्टर विचार करतात. रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये आधीच सायट्रेट किंवा एसीडी-ए भरलेलं असतं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब सीबीसीला ठीक आहे, पीआरपीला सहसा वापरत नाहीत, प्लेटलेट्स बिघडतात.

मग पहिलं फिरवणं, हळू वेगाने. ट्यूबमध्ये तीन थर दिसतात, खाली लाल, वर पिवळं आणि मधे पातळशी पांढरट रेघ. पिवळं आणि त्या रेघेजवळचं हलकेच दुसऱ्या ट्यूबमध्ये घेतात आणि परत फिरवतात, आता जास्त जोरात. तळाशी प्लेटलेट्सची बारीकशी गोळी बसते, वरचा बराचसा प्लाझ्मा काढून टाकतात आणि उरलेल्या थोड्या प्लाझ्मात ती गोळी ट्यूब हळूच हलवून विरघळवतात. 30 मिली रक्तातून तीनेक मिली हाती येतं. बघणाऱ्याला वाटतं एवढंसंच! पण ग्राफ्टखाली पातळ थर द्यायचा असतो, तेवढं पुरतं. मशीनवर आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते लिहिलेलं असतं, पण खरा जोर रोटर (ट्यूब फिरवणारं चाक) किती मोठा आहे त्यावरही ठरतो, म्हणून दुसऱ्या दवाखान्याचा आरपीएम आपल्या मशीनवर तसाच लावून चालत नाही, प्रत्येक मशीनवर आधी मोजून बघावं लागतं.

सगळं निर्जंतुक व्हायला हवं कारण हे उघड्या जखमेत जाणार आहे. फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, रूम टेम्परेचरला ठेवून काही तासांत वापरतात, त्यामुळे आदल्या दिवशी बनवून ठेवलंय असं कुणी म्हणालं तर प्रश्न विचारा. वापरायच्या क्षणी त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा कॅल्शियम ग्लुकोनेट घालतात, काही मिनिटांत ते थरथरीत जेल होतं.

आपल्या कुत्र्याचा काउंट कमीच असेल तर दुसऱ्या निरोगी कुत्र्याच्या रक्तातून पीआरपी बनवण्याचे प्रयोग झालेत, पण तो निर्णय आणि डोनरची तपासणी पूर्णपणे डॉक्टरांची. आणि जखमेच्या जागी कॅन्सरची गाठ होती किंवा संसर्ग चालू आहे तर पीआरपी टाळतात, वाढीला मदत करणारी गोष्ट तिथे नको.

पायरी 6: ऑपरेशनचा दिवस

उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टर सांगतील, तेवढं नीट पाळा, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सांगा, नाहीतर सकाळी कुणीतरी पारले-जी घालतंच.

आत काय होतं ते थोडक्यात. कुशीतून किंवा छातीच्या बाजूने, जिथे कातडी सैल असते, तिथून जखमेच्या मापाचा तुकडा काढतात आणि ती जागा टाके घालून बंद करतात. तुकड्याच्या मागची सगळी चरबी कात्रीने साफ करतात, इतकी की केसांची मुळं दिसायला लागतात, कारण चरबीतून पोषण वर पोचत नाही. मग त्यात ब्लेडने छोट्या छोट्या चिरा देऊन जाळी करतात. या चिरांमधून खालचं रक्त, पाणी बाहेर पडतं, नाहीतर ते कातडीखाली साचून तिला बेडपासून उचलतं आणि ती मरते. पीआरपी यावेळी बेडवर घालतात, वर ग्राफ्ट ठेवतात, कडेला टाके. काही डॉक्टर कडेने इंजेक्शननेही देतात, वर जेलचा थर देतात. केसांची दिशा आजूबाजूच्या केसांसारखी ठेवतात. आणि मग न चिकटणारा गॉज, वर जाड कापूस, क्रेप, बहुतेकदा स्प्लिंट, म्हणजे सांधा वाकूच नये.

पायरी 7: बँडेज, आता काम तुमचं

इथून पुढे डॉक्टर दिवसातून दहा मिनिटं आणि तुम्ही चोवीस तास, म्हणून ही पायरी सगळ्यात नीट वाचा.

पिंजरा किंवा छोटी खोली, दोन ते तीन आठवडे. बाथरूमला पट्ट्यावर, दाराबाहेर जेमतेम आणि परत आत. उड्या, जिने, सोफा काही नाही. फरशीवर टाईल्स असतील तर रबरी मॅट टाका, घसरला की पाय ताणतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिंजरा ठेवायची वेळ आली तर दुसरी कुत्री दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात ठेवा, कारण समोरून कुणी गेलं की हा आतल्या आत नाचतो.

कोन, म्हणजे चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा प्लास्टिकचा भोंगा, चोवीस तास. खाताना काढायचा तर समोर बसा आणि खाऊन झालं की लगेच घाला. किती वाईट दिसतो, किती केविलवाणा बघतो, तरी नाही काढायचा. रात्री दोन मिनिटं चाटायला मिळाली तरी ग्राफ्टचा कोपरा उचकटतो.

बँडेज कोरडं. पावसाळ्यात हे फार अवघड आहे आपल्याकडे, जून ते सप्टेंबर हवेतच पाणी. बाहेर नेताना दवाखान्यातून सलाईनची रिकामी पिशवी मागून घ्या, वरचं टोक कापा आणि पंजावर मोज्यासारखी चढवून वर सैल चिकटपट्टी लावा, जाड प्लास्टिक आहे, फाटत नाही. पण घरात आल्याबरोबर काढायची, आत घाम धरतो आणि कातडी गळते. बँडेज लघवीने, पाण्याने भिजलं तर "उद्या बघू" नको, त्याच दिवशी बदलून घ्या.

दिवसातून दोनदा बोटं बघा. डॉक्टर मधली दोन बोटं बँडेजबाहेर ठेवतात ती त्यासाठीच. दोन नखं जवळ जवळ, सरळ समांतर दिसली पाहिजेत. ती एकमेकांपासून फाकलेली दिसली, बोटं सुजली, गार पडली तर बँडेज घट्ट झालंय, त्या क्षणी डॉक्टरांना फोन. नाक जवळ नेऊन वास घ्या, कुजका किंवा गोडसर वास आला, बँडेजवर नवीन पिवळा-हिरवा डाग फुटला, कुत्रा अचानक बँडेज चावायला लागला, खायचं बंद झाला तरीही फोन. थर्मामीटर घरात ठेवा, कुत्र्याचं नॉर्मल 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं, 103 च्या वर गेलं तर सांगायचं.

पहिलं बँडेज कधी उघडायचं यावर डॉक्टरांची मतं वेगळी असतात, कुणी 24 ते 48 तासांत उघडून पाणी साचलंय का बघतात, कुणी तीन-पाच दिवस हातच लावत नाहीत म्हणजे ग्राफ्ट हलणार नाही. दोन्हीला कारणं आहेत, तुमच्या सर्जनचं ऐका. बदलताना गॉज चिकटला असेल तर सलाईनने भिजवून भिजवून सोडवायचा, ओढायचा नाही, गरज पडली तर झोपेचं इंजेक्शन देऊन करतात. पीआरपी परत द्यायचं असेल तर तेही याच वेळी होतं.

खायला रोज अंडं, चिकन, दूध पचत असेल तर पनीर, प्रोटीन भरपूर. कातडी जोडायला लागतं ते इथूनच येतं. नुसत्या दूध-पाव आणि भातावर ठेवलेल्या कुत्र्याची जखम रेंगाळते.

पायरी 8: ग्राफ्टचे रंग बघून घाबरू नका

पहिल्या एक-दोन दिवसांत ग्राफ्ट फिकट, पांढरट दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जांभळं, निळसर. नवीन माणूस इथे रडकुंडीला येतो. घणसोलीची एक मुलगी, तिच्या गल्लीतल्या चिंगी नावाच्या कुत्रीचं पुढच्या पायाचं ग्राफ्ट होतं, बँडेज उघडलं तेव्हा ती मागे सरकून भिंतीला टेकली, म्हणाली मेलं ना सगळं? डॉक्टरांनी तिला जवळ बोलावलं आणि जाळीच्या चिरांमधून वर आलेलं बारीक लाल मांस दाखवलं, तुकडा बेडला सपाट चिकटलेला होता, बोटाने हलकं दाबून बाजूला सरकवलं तरी सरकत नव्हता. जांभळा रंग म्हणजे रक्त आत आलंय पण परत जायची वाट अजून पूर्ण झाली नाहीये. पुढच्या आठवड्यात ते लालसर झालं आणि दोन आठवड्यांपर्यंत गुलाबी.

वाईट कोणतं? सात-आठ दिवसांनंतरही पूर्ण पांढरं, किंवा कडक काळं, खालून पाणी हलतंय, कडेने पू येतोय. त्यातही काळी साल दिसली म्हणून लगेच ओढून काढू नका, बऱ्याचदा फक्त सगळ्यात वरचा पापुद्रा काळा होऊन सुटतो आणि खालचा थर जिवंत असतो. काय काढायचं, काय ठेवायचं हे डॉक्टर ठरवतील. काही भाग गेला आणि बाकी धरला असंही होतं, उरलेली छोटी जागा मग ड्रेसिंगने भरते, त्याला फेल म्हणत नाहीत.

प्रत्येक बँडेजला एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा. तारखेनिशी. डॉक्टर बदलले, सुट्टीवर गेले तर हे फोटो सगळं सांगतात.

पायरी 9: त्यानंतर

साधारण दोन आठवड्यांनी टाके निघतात, कुशीतले आणि ग्राफ्टचे. बँडेज हळूहळू हलकं होत जातं, तीन आठवड्यांपर्यंत काहीतरी झाकण राहतंच. केस दोन-तीन आठवड्यांपासून उगवायला लागतात, कधी विरळ, कधी रंग वेगळा, काळ्या कुत्र्याच्या पायावर बदामी ठिपका राहतो, त्याचं काही बिघडत नाही. याच काळात खाज सुटते आणि कोन काढलेला कुत्रा चावून चावून नवीन कातडी फाडतो, म्हणून बँडेज निघाल्यावरही आठ-दहा दिवस कोन ठेवा. चालायला हळूहळू, आधी पट्ट्यावर पाच मिनिटं, मग दहा.

कुत्रा रस्त्यावरचा असेल तर त्याला शेवटी त्याच्याच गल्लीत सोडायचं, दुसऱ्या भागात नाही, तिथली कुत्री त्याला फाडतील आणि तीन आठवड्यांची मेहनत एका रात्रीत जाईल. 2023 च्या एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियमांतही नसबंदीनंतर कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचं म्हटलंय, तोच नियम इथेही पाळा. नसबंदी झाली नसेल तर कधी करायची ते याच डॉक्टरांना विचारून तारीख घेऊन ठेवा. सोडायच्या आधी रेबीजची लस, गोचिडांचं औषध आणि प्लेटलेट काउंट परत एकदा. सोडल्यावर पहिला आठवडा रोज एकदा तो पाय हातात घेऊन बघा, खाली तळव्याजवळ, जिथे ग्राफ्टची कड जमिनीला घासते तिथे, कारण फाटलं तर तिथूनच फाटतं.